ज्याची जागा, त्याच्या घरी जेवण

भुईगावच्या आमच्या हॉकी टीममध्ये एक रीत होती आणि ती मला कधीच पटली नाही. उन्हाळ्यातल्या टूर्नामेंटसाठी मुंबईहून दोन-तीन जुने, कसलेले खेळाडू आणायचे. त्यांच्यासाठी गावातली पोरं बसवायची. आणि ज्या पोराची जागा पाहुण्याने घेतली, त्याच पोराच्या घरी त्या पाहुण्याने जेवायचं. म्हणे, एका पंगतीला बसलं की मनात अढी राहत नाही. ही रीत काढणाऱ्याच्या घरातलं कोणी कधी राखीव बसलं नसणार, एवढं नक्की.

टीम निवडायचे आमचे बाबा. एरवी ते केळीच्या वाडीत असायचे, पण ईस्टर झाला की त्यांच्या डोक्यात हॉकीशिवाय काही नसे. भात कापून मोकळी झालेली शेतं होती, तिथली ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. संध्याकाळी सगळं गाव ओल्या मातीचा वास घेत बांधावर बसायचं. अजूनही कुठे तापलेल्या मातीवर पाणी मारलं की मला आधी ते मैदान आठवतं. आज तिथे चार मजली इमारती उभ्या आहेत, त्यांच्याकडे मी बघत नाही.

बाबांचं गणित ठरलेलं. नुसत्या पोरांच्या भरवशावर टीम उतरवली तर पोरं पहिल्या गोलनंतर घाबरतात. नुसते म्हातारे घेतले तर दुसऱ्या हाफला धापा टाकतात. म्हणून बचावाला आणि मधल्या फळीला जुनी माणसं, पुढे धावायला पोरं. पण फायनल आली की हे गणित ते स्वतःच विसरायचे आणि पुढेही जुनाच माणूस घालायचे. वर आम्हाला ऐकवायचे, नव्याचे नऊ दिवस. मी म्हणायचे, जुनं सोनं एवढं भारी असेल तर त्याच्या गुडघ्याला पट्टा कशाला लागतो? मग आई मला चुलीकडे पिटाळायची.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझा धाकटा भाऊ लेफ्ट इनला, म्हणजे पुढच्या फळीत डावीकडे खेळायचा. बारीक, चपळ, आणि चेंडू त्याच्या स्टिकला चिकटल्यासारखा चालायचा. सेमीफायनलचा गोल त्याचाच. फायनल बघायला मुंबईच्या एका बँकेची माणसं येणार होती. त्यांना टीमसाठी दोन पोरं हवी होती, आणि टीममध्ये घेतलं की बँकेत नोकरी. आमच्या वाडीत तेव्हा तीन भावांच्या वाटण्या होऊन उरलं होतं ते कोणाचंच पोट भरण्याइतकं नव्हतं. भावाला ती नोकरी लागणं म्हणजे घर सावरणं होतं. आणि बाबांनी नेमकी त्याचीच जागा मुंबईच्या पाहुण्याला दिली. स्वतःच्या पोराला पुढे केलं असं गावाने म्हणू नये, म्हणून. पिकतं तिथे विकत नाही, ते आमच्याच घरात.

फायनलच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून पाहुणा दुपारी जेवायला आला. चाळिशीचा, कानाशी पिकलेला, मोठमोठ्या टीमकडून खेळलेला. बोलायला अगदी साधा. रागावायला निमित्तच देईना, त्याचा आणखी राग. आईने पहाटेपासून खपून बदकाचं मटण केलं होतं. त्या मटणासाठी आईला गावातल्या प्रत्येक लग्नात बोलावणं असे. पाहुण्याने कोपऱ्यातली हॉकी स्टिक बघितली आणि हसून विचारलं, घरात कोण खेळतं?

बाबांनी भाताचं पातेलं पुढे सरकवलं. भाऊ पानात बघत राहिला. मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, ज्याची जागा तुम्ही घेतलीत तो हा तुमच्या शेजारी बसलाय, आणि आज बँकेची माणसं याला बघायला येणार होती.

भाऊ ताडकन उठून बाहेर गेला. बाबांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. मग मैदानावर चुना मारायचा राहिलाय असं पुटपुटत तेही गेले. पाहुणा पाणी प्यायला, आईला म्हणाला, जेवण छान झालंय, आणि हात धुतले. मी पान उचललं तर वाटीतलं मटण जसंच्या तसं. भाताचे दोन घास कमी झाले असतील. "आवडलं नाय वाटतं," आई हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

फायनलला पाहुणा खेळला, आणि खोटं कशाला बोलू, काय खेळला! पहिला गोल त्याच्याच पासवर झाला. बाबा मिशीत हसत होते. हाफटाइमला तो पोटावर हात दाबत त्यांच्यापाशी आला. आम्ही बायका मागेच बांधावर होतो, शब्दन् शब्द ऐकू आला.

"दुपारी जरा जास्तच जेवलो. मटण जड पडलं. पोराला उतरवा."

तेव्हा एकदा बाहेर गेलेल्याला पुन्हा आत येता येत नसे. बाबा चडफडले, पण करतात काय? भाऊ उतरला. आईने माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

आम्ही हरलो. मधून खेळ बांधणारा माणूसच गेला, मग समोरच्यांनी दोन गोल चढवले. पण भाऊ असा काही खेळला की सामना संपल्यावर बँकेची माणसं आमच्या अंगणात येऊन बसली. पावसाळ्याआधी तो नोकरीवर रुजू झाला.

चषक गेला त्याचं खापर फुटलं आईच्या डोक्यावर. हिच्या बदकाने फायनल घालवली, असं लोक तोंडावर म्हणायचे. पुढच्या वर्षीपासून खेळाडूंचं जेवण आमच्याकडे नको, असं ठरलं. लग्नांची बोलावणी कमी झाली. बाबासुद्धा टोमणे मारायचे. मी कितीदा म्हटलं, सांगून टाकू या, पाहुणा जेवलाच नव्हता. आई ऐकेना. शेवटी एकदाच बोलली.

"मानसाचे उपकार जन्मभर डोक्यावर बसतात गं. जेवनाचं काय, पचून जातं. पोराला वाटू दे, जेवनाने झालं."

आता आई नाही, बाबा नाहीत. तो पाहुणा पुन्हा आमच्या बाजूला आला नाही, आणि त्याचे आभार मानायचे राहून गेले याची मला फार चुटपुट आहे. भाऊ त्याच बँकेतून निवृत्त झाला. दर नाताळला नातवंडांना ही गोष्ट रंगवून सांगतो, आईच्या मटणाने म्हाताऱ्या पाहुण्याचं पोट कसं बिघडलं आणि आपलं नशीब कसं उघडलं. सगळे पोट धरून हसतात. गेल्या नाताळला माझं डोकं फिरलं, म्हणून हे लिहिलं. भावा, वाचून रागावलास तर रागाव. पण त्या दुपारी ते बदक कोणी खाल्लंच नव्हतं. संध्याकाळी बँकेची माणसं गेल्यावर चुलीपाशी बसून अख्खं टोप तू एकट्याने चाटूनपुसून संपवलंस, आई तुझ्याकडे बघत बसली होती, आणि तुला काहीही झालं नाही.