कोठीनं अडवलेली जागा

१२ डिसेंबर, सकाळ. काम: शेडचं माप घेणं.

टेपचं एक टोक शटरच्या पट्टीला अडकवलं आणि दुसरं मागच्या भिंतीपर्यंत ओढत नेलं. लांबी तेरा फूट, रुंदी नऊ. पण रिकामं शेड मोजून उपयोग नसतो, आतल्या वस्तू धरून मोजावं लागतं. एका भिंतीला थोरल्या दिरांची टमटम उभी होती. तीन वर्षं बंद, पुढच्या चाकाच्या जागी विटा लावलेल्या. दुसरी भिंत मोकळी होती, पण तिच्या मागच्या कोपऱ्यात त्यांचीच लोखंडी कोठी, ज्वारीनं भरलेली. कोठीपासून शटरपर्यंत जागा उरत होती दहा फूट चार इंच.

शेड सामाईक आहे. भूकंपानंतर आमचं सास्तूरजवळचं गाव नव्यानं वसलं तेव्हा दोघा भावांना शेजारीशेजारी लहान घरं मिळाली. मधला बोळ दोघांनी मिळून पत्र्यानं झाकला आणि पुढं शटर बसवलं. खर्च दोघांचा, आतला पसारा एकाचा. मला तिथं काही ठेवायचं नव्हतं तोवर मी बोलले नाही. आता मला तिथं होडी ठेवायची होती.

माझा नवरा तेवीस वर्षं धरणात थर्माकोलवर बसून मासे धरत आला. आमच्याकडं बहुतेक सगळे तसंच करतात. थर्माकोलचे तुकडे पोत्यात शिवायचे, त्यावर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि हातानं पाणी मारत जाळ्यापर्यंत जायचं. त्यावर एकच माणूस बसतो. तेवीस वर्षं रोज पाच-सहा तास पाय पाण्यात. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि गुडघे सुजून वाकेनात. उमरग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय कोरडे ठेवा आणि जोर लावू नका, नाहीतर दुसरा धंदा बघा. दिवाळीपासून तो घरी बसला. मी दुसऱ्यांची मासळी घेऊन उमरग्याच्या बाजारात विकू लागले. दुसऱ्याची मासळी विकली की हाताला वास तेवढा उरतो.

म्हणून मी होडीचं ठरवलं. वल्हं मी मारणार, त्यानं बसल्या जागी जाळं ओढायचं. त्याचे पाय कोरडे राहतील आणि धंदा घरात राहील. लाकडी होडी सडते, लोखंडी पत्र्याची दोघांना उचलत नाही. ॲल्युमिनियमची उचलते.

उमरग्याला हायवेच्या कडेला ट्रकच्या बॉड्या बांधणारा एक कारागीर अशा होड्याही करून देतो. घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. त्यानं आधी मला दहा फुटी दाखवली.

"अक्का, हिच्यात एक माणूस आन् जाळं. दुसरं बसलं की काठ पाण्याला टेकतो."

"दोघांना किती लागंल?"

"बारा. बारात दोघं बसून मासळीलाबी जागा राहती."

"तोंड निमुळतं न करता चपटं केलं तर?"

त्यानं माझ्याकडं जरा बघितलं. "फूटभर वाचंल. तरी अकराच्या खाली न्हाय येत. पण ठेवणार कुठं, ते आधी सांगा. काठावर सोडली तर दुसऱ्या दिवशी भंगाराच्या दुकानात जाऊन बघावी लागंल. आन् पत्रा एकदा कापला की म्या मागंपुढं करणार न्हाय. जागा मोजून या."

म्हणून मी मोजत होते. हिशेब सोपा होता. टमटमच्या मागं तीन फूट जागा रिकामी होती. कोठी तिथं सरकवली की माझ्या भिंतीला पुरे तेरा फूट मिळत होते. त्याच सकाळी मी दिरांकडं गेले. नवराही तिथंच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता.

"भावजी, कोठी टमटमच्या मागं घेऊ या. ज्वारी म्या काढते, म्याच भरते. तुम्ही हात लावू नका."

दीर म्हणाले, "येळवस होईस्तोवर कोठी हलवत न्हाईत."

येळवस आठवड्यावर आली होती. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आम्ही सगळे शेतात जातो, पूजा करतो, तिथंच जेवतो. पण कोठीचा हा नियम मी लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा ऐकत होते.

"कुणी सांगितलं?"

"आमच्या आईनं."

सासूबाईंचं शेवटची आठ वर्षं सगळं मी केलं. किडे होऊ नयेत म्हणून त्या दर दोन महिन्यांनी कोठी रिकामी करायला लावायच्या, आणि ती उन्हात फरफटत न्यायचं काम माझ्याकडं असायचं. तेव्हा अमावस्या आडवी आली नव्हती. मी म्हटलं, "बरं, मग येळवशीनंतर हलवू." दीर म्हणाले, "पुढचं पुढं बघू." मी नवऱ्याकडं बघितलं. तो शेंगा फोडत राहिला.

घरी आल्यावर म्हणाला, "दहा फुटी घे की. शेडात बसती."

"आन् त्यात कोण बसणार?"

"म्या."

"वल्हं मारणार कोण, जाळं वढणार कोण? तुम्हाला हात किती हायेत?"

"तू बाजार बघ."

पुढचे चार दिवस मी वेड्यासारखी इंच मोजत होते. होडी तिरपी लावली तर टमटम आडवी येत होती. छताला टांगावी तर पत्र्याखालचा पाइप तेवढा भार घेणार नव्हता. उभी करावी तर छत ठेंगणं. कारागिराला दोनदा फोन केला. साडेदहा फुटांत दोन माणसं बसवता येतील का, हेही विचारून घेतलं. तो म्हणाला, "बसत्याल, पर मासे त्यांच्याकडं बघायला येत्याल."

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी जाऊबाईंकडं भज्जीसाठी शेंगा सोलायला बसले. वाटाणा, तूर, हरभरा, मोठा ढीग होता. ह्या भाजीला घरातल्या सगळ्या बायका लागतात आणि शेंगा सोलताना तोंडं मोकळी असतात. जाऊबाई म्हणाल्या, "माझं नाव घेऊ नगंस. पर तू आमच्या ह्यांच्यावर उगं चिडतीस. कोठी हलवू नगा म्हणून तुझाच मालक येऊन सांगून गेलाय."

"कवा?"

"तू उमरग्याला होडी बघून आलीस ना, त्याच दिवशी. म्हणला, होडी मोठी झाली की ही त्यात बसणार. आन् काठावरले लोक म्हणत्याल, बायकोनं नवऱ्याला फिरायला आणलंय." त्या हसल्या. मग माझं तोंड बघून हसू आवरलं. "आईचं नाव घ्यायचं मातुर ह्यांनाच सुचलं बघ."

मी उरलेल्या शेंगा सोलल्या, टोपलं आत ठेवलं आणि घरी आले. नवऱ्याला काही विचारलं नाही. मला उद्या विचारायचं होतं, चार माणसांत.

येळवशीला दिरांच्या शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केली होती. पूजा झाली, पानं वाढली. भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, खीर, आंबील. दिरांचं पोट भरलं की त्यांना चेष्टा सुचते. "काय मग," ते नवऱ्याला म्हणाले, "जहाज कवा येणार?"

"दहा फुटी येतीया," नवरा म्हणाला. "शेडात तेवढीच बसती."

मी आंबील वाढत होते. तांब्या खाली ठेवला. "शेडात तेवढीच बसावी अशी सोय तुम्हीच केली न्हवं? कोठी हलवू नका म्हणून भावजींना कुणी सांगितलं?"

दीर म्हणाले, "आगं, सणासुदीचं कशाला आता..." जाऊबाई खिरीच्या पातेल्यात बघू लागल्या.

नवऱ्यानं एकदम आवाज चढवला. "सांगितलं. मग? माझ्या बापानं कधी बायकोच्या हातात वल्हं दिलं न्हाय."

"तुमच्या बापाला होडी कुठं होती?"

दीर फसकन हसले. आंबील नाकात गेली त्यांच्या. नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंग बदलला.

"लोक हसत्याल," तो म्हणाला.

"दोन महिने म्या दुसऱ्याची मासळी विकतीया. तेबी लोक बघत्यातच की. तवा तुम्हाला लाज वाटली न्हाय."

त्यानं उंडा मोडला आणि भज्जीत कालवत बसला. बराच वेळ कालवत होता, खाल्ला नाही. गावाकडं परत येताना मी पुढं चालले. त्याला गुडघ्यामुळं मागं राहावंच लागतं. दर येळवशीला मी थांबते. या वेळी थांबले नाही.

मला होडीत बसू द्यायचं नव्हतं, याचा राग मला तेवढा नाही. तसं तोंडावर सांगितलं असतं तर भांडण झालं असतं, आणि आमची भांडणं दोन दिवसांत मिटतात. त्यानं तसं केलं नाही. भावाला आणि ज्वारीच्या कोठीला पुढं केलं, मेलेल्या आईचं नाव निघालं तरी शेंगा फोडत राहिला, आणि मी शेडात वाकून फूट-इंच लिहीत होते तेव्हा तो दारातून बघत होता. एकदा टेपचं टोकसुद्धा धरलं त्यानं. "नीट मोज," म्हणाला होता. सत्तावीस वर्षांत या माणसानं मला मारलं नाही, दारू पिऊन आला नाही, म्हणून बायका मला नशीबवान म्हणतात. मीही म्हणत होते. त्या टेपचं टोक धरलेला त्याचा हात मात्र आता डोळ्यांपुढून जात नाही. पाय कायमचे गेले असते तरी त्याला चाललं असतं, माझ्या हातातलं वल्हं चालत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी त्याचं अंथरूण गुंडाळलं आणि खाट उचलून शेडात नेली. कोठीला लागून ठेवली. आमची पुढची खोली साडेबारा फुटांची आहे, आणि खाट निघाल्यावर ती एका भिंतीला सरळ मोकळी झाली. होडी कुशीवर केली की दारातून आत येते, हे कारागिराला आधीच विचारलेलं होतं. नवरा शटरपाशी येऊन उभा राहिला. खाटेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"हे काय?"

मी अंथरूण खाटेवर टाकलं, उशी ठेवली आणि तिथूनच उमरग्याला फोन लावला. "बारा फूट," मी म्हटलं. "बसायला दोन फळ्या टाका."

"जागा झाली का अक्का?"

"झाली."

"मग उद्या पत्रा कापतो."

"आजच कापा," मी म्हटलं.