मीटरभोवतीची पट्टी

पस्तीस वर्षं मी पनवेलच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि खोटं बोलणारं पोर एका वाक्यात ओळखलं. त्याची खूण सोपी असते. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आधीच त्याचं उत्तर तयार असतं. गेल्या वर्षी एका गॅरेजात माझं तसंच झालं. समोरच्या माणसानं ते तेव्हाच ओळखलं असणार, पण चारचौघांत बोलून दाखवलं नाही. त्याचे माझ्यावर बरेच उपकार आहेत, त्यातला हा पहिला.

आमची गाडी जुनी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. तिच्या भावंडांनी मुंबईत टॅक्सी म्हणून जन्म काढला, आमची तेवढी पांढरी राहिली. निवृत्त झाल्यावर मी तिचं एकेक काम काढलं. सीटा झाल्या, रंग झाला, दारांची रबरं झाली. राहिली ती डॅशबोर्डवरची पट्टी, मीटरभोवतून सामानाच्या खणापर्यंत जाणारी, लाकडासारखी दिसणारी प्लास्टिकची. तिला मधोमध तडा होता. तो मीच पाडला होता, बावीस वर्षांपूर्वी.

बायकोचं माहेर जासई. तिची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, आणि तिकडे जायचं तर माझी सुट्टी बघावी लागायची. "मीच गाडी शिकते," ती म्हणाली. खारघरचे रुंद रस्ते तेव्हा रिकामे होते, अर्धं पनवेल तिथंच गाडी शिकलं. महिनाभरात तिचा हात बऱ्यापैकी बसला. मग एका रविवारी ती जासईपर्यंत चालवायला निघाली आणि मी शेजारी बसलो. गाव जवळ आल्यावर एका चढाला गाडी बंद पडली. मागे कंटेनरचे ट्रेलर, त्यांचे ते भोंगे. तिनं दोनदा सुरू केली, दोनदा बंद पडली. मी ओरडलो, "अगं, अक्कल गहाण ठेवलीस का?" आणि डॅशबोर्डवर मूठ आपटली. पट्टी तडकली. तिनं हँडब्रेक ओढला, उतरली, वळसा घालून माझ्या दारापाशी येऊन उभी राहिली. मी आतूनच चालकाच्या जागेवर सरकलो.

त्यानंतर तिनं कधी चावी मागितली नाही. आईकडे सहा आसनी रिक्षातून जायची, डबा मांडीवर घेऊन. दोन वर्षांनी आई गेली. तड्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही आणि मीही नाही. पण चालकाच्या जागेवर मी बसायचो, त्यामुळे तो तडा रोज माझ्याच डोळ्यांसमोर असायचा. नवी पट्टी बसली की विषय संपेल, असा माझा हिशेब होता.

जुन्या गाड्यांचं आतलं काम करणारे मिस्त्री आमच्याकडे एकच. कोकणी मुसलमान, वीस वर्षं मस्कतला हेच काम करून परतलेले, वयानं माझ्याएवढे. त्यांनी तड्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "सर, हे कशानं..."

"उन्हानं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं. "ठीक हाय. ऊन असंल तर मागचा पत्रा चांगला असणार. पट्टी तेवढी बदलू."

त्यांनी कुर्ल्याच्या भंगारबाजारातून जपून ठेवलेली एक पट्टी मिळवली आणि बसवून दिली. मी खुशीत घरी आलो. आठव्या दिवशी पट्टी तडकली, बरोबर त्याच जागी.

माझा पारा चढला. गॅरेजात जाऊन मी नको नको ते बोललो. माल कुजका, काम भिकार, मस्कतला काय शिकलात, सगळं. मिस्त्रींनी पट्टी उतरवली आणि मागच्या पत्र्याला डांबरासारखा चिकटलेला फोम खरवडायला घेतला. पंधरा मिनिटं खरवडत होते. मग माझा हात धरून बोट पत्र्यावर ठेवलं. वाटाण्याएवढा खळगा होता. त्यानं शेजारचं क्लिपचं भोक ओढलं गेलं होतं, म्हणून कुठलीही पट्टी बसवली की तिथं ताण यायचा.

"उन्हाच्या बोटात अंगठी नसते, सर," ते हळूच म्हणाले. माझ्या बोटात लग्नातली अंगठी होती. "मारलेलं हाय असं सांगितलं असतं तर आधी पत्रा ठोकून घेतला असता. डाक्टरला नि मिस्त्रीला खरं सांगावं."

मग मी सगळं सांगितलं. जासईचा चढ, ट्रेलर, सासूबाईंचं आजारपण, रिक्षातला डबा. त्यांनी हातोडी खाली ठेवून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "मॅडमना सांगितलं?"

"नाही."

"मंग मला सांगून काय फायदा? मी काय माफ करनार?" असं म्हणून हसले आणि पत्रा ठोकायला लागले. त्या हसण्यानं मला जेवढा धीर दिला, तेवढा कुणाच्या उपदेशानं मिळाला नसता.

दुसरी पट्टी शोधायला त्यांना आठवडा लागला. ती बसली तशी मी गाडी घरी आणली आणि बायकोला खाली बोलावलं. ती आत बसली, पट्टीवरून हात फिरवला, "छान झालंय" म्हणाली. मी म्हणालो, "त्या दिवशी मी मूठ आपटली, ते फार वाईट केलं. तुला आईकडे एकटीनं जाता आलं असतं. ते माझ्यामुळे राहिलं."

तिनं पट्टीवरचा हात काढून घेतला.

"मला वाटायचं, तुम्ही विसरलात," ती म्हणाली.

आणि मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की तीच विसरली. मी चावी पुढे केली. तिनं मान हलवली. "आता गुडघ्यानं क्लच दाबवत नाही. आणि जासईला आता माझी वाट बघायला कोण आहे?"

मी रडलो, आणि तिनं मला रडू दिलं. मग पदरानं डोळे पुसत ती विचारू लागली की इतक्या वर्षांनी हे सुचलं कसं. मी मिस्त्रींचं सगळं सांगितलं, माझ्या खोटेपणासकट.

"त्यांना रविवारी जेवायला बोलवा," ती म्हणाली. "मासळी बाजारात जिताडं मिळालं तर बघा. बावीस वर्षांत मला जमलं नाही, ते त्यांनी दोन आठवड्यांत करून दाखवलं."