पाच व्हॉल्व्ह, सहा कप्पे

माझ्या सासूबाई पंचवीस वर्षांत माझ्या गिटारबद्दल एकच वाक्य बोलल्या: "अजून अर्धा तास वाजव, दही लागलं नाही."

याचा खुलासा करायला हवा. कॉलेजात असताना मी मुलींच्या गरबा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. तेव्हापासूनचा एक व्हॉल्व्हचा अँप्लिफायर माझ्याकडे होता. लग्न होऊन अकोट्याच्या या घरात आले, तेव्हा दुसऱ्या मुली कपाट आणतात तसा मी तो आणला. उचलला की कंबर धरलीच पाहिजे एवढा जड. आत लहान दिव्यांसारखे दिसणारे काचेचे पाच व्हॉल्व्ह, आणि ते तापले की मगच आवाज निघणार. तापायचेही असे की पेटीची वरची फळी मस्त गरम व्हायची. सासूबाईंना पेटीचा आवाज पसंत नव्हता, पण फळी पहिल्याच हिवाळ्यात पसंत पडली. थंडीत दही लागेना, म्हणून त्या विरजणाचं पातेलं त्या फळीवर आणून ठेवत आणि समोर झोपाळ्यावर बसून राहत. मी वाजवत राहायचे. पातेलं कलंडलं तर आत वीज आहे, असं मी डोळे वटारून सांगितलं, तेव्हा त्यांनी पातेल्याखाली परात ठेवली आणि विषय मिटवला.

माझी मुलगी याच आवाजात वाढली. गेल्या वर्षी नोकरीसाठी शिलाँगला गेली आणि तिथे तिने चौघांचा बँड जमवला. जानेवारीत तिचा फोन आला. तीन आठवड्यांनी शनिवारी पहिला कार्यक्रम होता आणि तिला माझा अँप्लिफायर हवा होता. तिकडे मिळणारे सगळे तिने वाजवून पाहिले होते, पण त्यांतून घरचा आवाज येत नव्हता म्हणे. मी ताबडतोब हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर घाबरले. वाडीतले रेडिओ दुरुस्त करणारे काका मला मागेच बजावून बसले होते की या जातीचे व्हॉल्व्ह आता कुठेच मिळत नाहीत. "बेन, काचनी वस्तु छे, साचवजो," म्हणजे काचेची वस्तू आहे, जपा, हे त्यांचं ठरलेलं गुजराती वाक्य. एक जरी फुटला असता, तर मुलीच्या हाती नुसती पेटी पोहोचली असती.

पॅकिंग मी एकटीने केलं. फुग्याफुग्यांचं प्लास्टिक गुंडाळलं, टीव्हीच्या दुकानातून मोठं खोकं आणलं, त्यात अँप्लिफायर बसवला आणि चिकटपट्टीचं एक अख्खं रीळ संपवलं. काम इतकं झकास झालं होतं की मी फोटो काढला. सासूबाई झोपाळ्यावरून उठल्या, खोक्याला कान लावला आणि पायाने त्याला जरा ढकललं.

"वाजतंय," त्या म्हणाल्या.

मी चिडले. वाजणारच, तो अँप्लिफायर आहे, असं काहीतरी तोंडातून गेलं. पण सासूबाईंचा या बाबतीतला अधिकार मला ठाऊक होता. त्या दर दिवाळीला माझ्या नणंदेला अमेरिकेत फराळ पाठवतात आणि इतक्या वर्षांत त्यांचा एकही चिरोटा वाटेत मोडलेला नाही. चिरोटा हातातल्या हातात मोडतो, हे ज्यांनी केले आहेत त्यांना सांगायला नको. सासऱ्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, पण हुकूम सोडण्याची कला या घरात सासूबाईंकडेच आली आहे. त्यांनी खोकं उघडायला लावलं. पाठीमागची फळी काढली तर एक व्हॉल्व्ह खोबणीतून अर्धा निसटून लोंबत होता. या पेटीत व्हॉल्व्ह उलटे टांगलेले असतात, हे मला कॉलेजपासून माहीत होतं आणि ऐन वेळी मी ते विसरले होते.

सासूबाईंनी ते व्हॉल्व्ह पहिल्यांदाच पाहिले. चष्मा लावून बराच वेळ आत बघत राहिल्या. ऊब यांचीच का, असं विचारलं. मग पदर खोचला.

"लाडू आणि चिरोटे मी कधी एका डब्यात भरलेत का? जड वेगळं, नाजूक वेगळं. दोन पार्सलं कर."

मी प्रत्येक व्हॉल्व्ह हळूच काढून त्यावर आणि त्याच्या खोबणीशी आकड्याची चिठ्ठी लावली. सासूबाईंनी त्यांचा चिरोट्यांचा सहा कप्प्यांचा डबा काढला. अमेरिकेला जायचा तोच. पण व्हॉल्व्ह त्यात लगेच ठेवू देईनात. आधी त्यांनी चिरोटे तळले. एक चिरोटा जुन्या सुती साडीच्या पट्टीत गुंडाळून कप्प्यात ठेवला, डबा खोक्यात, खोकं दुसऱ्या खोक्यात आणि ते झोपाळ्याच्या पाटावरून खाली ढकललं. उघडलं तर चिरोट्याचा चुरा. आम्ही तो खाल्ला. दोन्ही खोक्यांच्या मध्ये सगळीकडून चार बोटं थर्माकोल भरला, दुसरा चिरोटा ठेवून पुन्हा ढकललं. या वेळी पाकळीसुद्धा सुटली नव्हती. आनंदाने आम्ही तोही खाल्ला. मग पाच कप्प्यांत पाच व्हॉल्व्ह गेले. अँप्लिफायरलाही तसाच पाहुणचार मिळाला: बटणांवर गादी, स्पीकरच्या जाळीवर पुठ्ठा, जड बाजू खाली, खोक्यात खोकं. सासूबाईंनी पुन्हा कान लावला आणि काही बोलल्या नाहीत. एवढं मोठं प्रशस्तिपत्र मला त्या घरात कधी मिळालं नव्हतं.

कुरियरवाल्याने दोन्ही पार्सलं एकाच वेळी नेली. कार्यक्रमाच्या आठवड्यात मंगळवारी अँप्लिफायर धडधाकट पोहोचला. व्हॉल्व्हचा पत्ता नव्हता. बुधवार गेला, गुरुवार गेला. सासूबाई दिवसातून चारदा मला फोन बघायला लावत. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी चहा अर्धाच प्यायला. "मीच दोन पार्सलं करायला लावली," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी झोपाळ्यावर बसले. मीही मनात तेच म्हणत होते आणि त्याची मला लाज वाटत होती.

शुक्रवारी दुपारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. खोकं तिच्या मांडीवर होतं, एक कोपरा चेपलेला. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. मुलीने पहिलं खोकं उघडलं, मग दुसरं, मग डबा. साडीच्या पट्ट्या एकेक करून सोडवत ती मोजत गेली. पाचही शाबूत होते. मग ती थांबली.

"आजी, सहाव्यात पण काहीतरी आहे."

मला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिने पट्टी उलगडली आणि आतून एक अख्खा चिरोटा काढला. एवढा प्रवास करून आलेला, एकही पाकळी न सुटलेला. मुलीने तो कॅमेऱ्यासमोर धरला आणि हसता हसता तिचे डोळे भरले. रिकामा कप्पा ठेवला की बाकीचे हलतात, एवढंच सासूबाई म्हणाल्या.

मुलीने आकडे बघून व्हॉल्व्ह बसवले, बटण दाबलं आणि आम्ही तिघी थांबलो. काचांमध्ये हळूहळू नारिंगी उजेड आला. तिने तार छेडली. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधूनसुद्धा मी तो आवाज ओळखला. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंचा हात धरला, आणि तसं आमच्यात कधी होत नाही. मुलीने दोन गाणी वाजवली आणि आता आवरायला हवं म्हणाली.

"अजून अर्धा तास वाजव," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, इथे कुठे दही लावलंय?"

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या आणि फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून झोपाळ्यावर नीट बसल्या.