काटाबाबूंचा सरदार

नरहरकाकांनी रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये चौतीस वर्षं ट्रक तोलायच्या धरमकाट्यावर काटाबाबू म्हणून काढली. ट्रक काट्यावर चढायच्या आधीच, चाकांवरच्या नुसत्या दबलेल्या कमानी बघून ते वजन सांगायचे. काटा त्यांना फार तर पाव टनाने खोटं पाडायचा. अशा माणसाचं घरात कोणी ऐकत नसे, कारण ते घरात बोलतच नसत.

ते निवृत्त झाल्यावर मुलाने, यशोधनने, लातूरकडून कारवान जातीचा एक शिकारी कुत्रा आणून दिला. आमची मराठी घराणी रायपुरात भोसल्यांच्या काळात आली. ज्याला विचाराल त्याचा पूर्वज घोडेस्वारच होता, मुदपाकखान्यात कोणीच नव्हता. तेव्हा कुत्र्याचं नाव सरदार ठेवलं गेलं.

निमुळतं लांब तोंड, खोल छाती, पाठीला जाऊन चिकटलेलं पोट, काठ्यांसारखे पाय आणि लांबून मोजता येतील अशा बरगड्या. भुंकणं त्याला कमीपणाचं वाटे. चेंडू फेकला तर तो आधी चेंडूकडे बघे, मग फेकणाऱ्याकडे, आणि दिवाणावर जाऊन झोपे. परक्याने डोक्यावर हात ठेवायला घेतला की मान अशी काढून घेई, की आपणच हात धुतले नाहीत असं वाटावं. चोर आला असता तर त्याने बहुधा कूस बदलली असती. पण सकाळी मैदानात काका साखळी सोडायचे, लांबवर खार हलायची, आणि मग सरदारचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटायचे. खार त्याला कधीच मिळाली नाही. काका कुंपणाशी उभे राहून हसायचे. त्यांना हसताना मी फक्त तिथेच पाहिलं.

पण आमच्या चौबे कॉलनीला त्याचं पळणं दिसत नव्हतं, बरगड्या दिसत होत्या. समोरच्या पूर्णिमादीदी फाटकातून म्हणाल्या, "भाभी, बेचारे को कुछ खिलाते नहीं क्या?"

हे नरहरकाकांच्या बायकोला, सुनीतीकाकूंना! मंडळाच्या पंगतीत ज्या जिलबी घेऊन आल्या की माणसं ताटावर आडवी पडत, त्या सुनीतीकाकूंना. त्या दिवसापासून सरदारला तूपभात, दूधपोळी, शिरा सुरू झाला. पंगतीतल्यासारखाच आग्रह. शिवाय कॉलनीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरातली शेवटची पोळी त्या फाटकाशी येऊ लागली. खोटं कशाला बोलू, बिस्किटं मीही टाकली आहेत. सहा महिन्यांत बरगड्या गडप झाल्या. "अब लगता है खाते-पीते घर का है," पूर्णिमादीदी म्हणाल्या. काकू भरून पावल्या.

काका एवढंच म्हणाले, "ओव्हरलोड आहे." कोणी लक्ष दिलं नाही.

मग एका सकाळी खार अगदी समोरून गेली. सरदार चार पावलं पळाला आणि पुढचा पाय उचलून खाली बसला. डॉक्टर म्हणाले, "याच्या बरगड्या दिसायलाच पाहिजेत. जेवण निम्मं करा, नाहीतर पाय कायमचा जाईल. मग पळणं विसरा."

काकू रडल्या. रडत रडत त्याला शिरा भरवला. कॉलनीचंही तेच चाललेलं. डॉक्टरला काय कळतं?

तेव्हा काकांनी युक्ती केली. फाटकाशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "सरदार उपास करून राहिला. सोमवार, गुरुवार, शनिवार." डॉक्टरला न मानणारी माणसं उपासाला लगेच मान देतात. पहिल्या सोमवारी एकही पोळी आली नाही. आले ते तीन डबे. साबुदाण्याची खिचडी, शिंगाड्याचा हलवा आणि राजगिऱ्याचे लाडू. खिचडीवर काकूंनी घरचं तूप सोडलं.

मी डबा परत न्यायला तिथेच थांबलो होतो. काका उठले आणि त्यांनी सरदारपुढची थाळी ओढून घेतली.

"काहून मारून राहिली त्याले?"

"मी मारून राहिली? अहो, उपाशी जीव पाहवत नाही मले. लोक काय म्हणतील?"

"मग मले वाढ. त्याच्या वाट्याचं मी खातो. तुझा हात नको थांबवू. पण त्याले पळू दे. चाळीस वर्षांत काही मागितलं का मी तुले?"

 काकूंनी थाळीतलं सगळं काकांच्या ताटात काढलं, वर एक लाडू ठेवला. काकांनी तो खाल्ला. 

त्या दिवसापासून तेच चाललं. फाटकाशी आलेली प्रत्येक पोळी, प्रत्येक डबा काका आत नेत आणि मुकाट्याने संपवत. जन्मभर हाडकुळा राहिलेला हा माणूस चार महिन्यांत शर्टाच्या बटणांना आवरेना.

परवा सकाळी मी त्यांच्याबरोबर मैदानात गेलो. कुंपणापर्यंत पोचताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. त्यांनी साखळी सोडली. मागून पूर्णिमादीदी मैत्रिणीला सांगत होत्या, आम्हाला ऐकू येईल अशा बेताने, "देखो, सब खुद खा जाता है। कुत्ते की तो हड्डियाँ गिन लो।"

मी वळलो, तोंड उघडलं. काकांनी माझं मनगट दाबलं आणि समोर बोट दाखवलं. खार झाडावर पोचली होती आणि सरदार बुंध्याशी उभा होता, चारही पायांवर. काका पोट धरून हसत होते.