लेकीच्या पायाला लावलेली तीट

बायांनो, आत्ताच नगरवरून काष्टीला घरी आले. घाईत लिहितेय, चुकलंमाकलं समजून घ्या.

माझी परी चार वर्षांची. तिला उजवा पाय गुडघ्याखाली न्हाई. नगरात एक दादा मशीनीनं पाय स्कॅन करून खोट्या पायाची प्लास्टिकची वाटी बनवतो, उरलेला पाय तिच्यात बसतो. मशीन पायाचे हजारो ठिपके घेतं. मग त्याचं फुकटातलं सॉफ्टवेअर रांगोळीवानी ठिपके जोडून पायाचा आकार काढतं.

आज वाटी घातली आन् परी किंचाळलीच. काढून बघते तर हाडाच्या उंचवट्यावर कातडी सोलून रगत. डॉक्टर आधीच म्हनलेत, तिथं परत जखम चिघळली तर पाय आनखी वरून कापावा लागंल.

दादानं कॉम्प्युटर उघडला. "ताई, हितं ठिपकेच न्हाईत. स्कॅनच्या दिवशी काय लावलं हुतं?"

"काजळाची मोठी तीट. समदे तिच्या पायाकडंच बघत्यात ना."

त्यानं कपाळाला हात लावला. "अवो, काळं मशीनला दिसत न्हाई! तिथं भोक राहिलं, सॉफ्टवेअरनं ते सपाट झाकलं. हाडाचा उंचवटा आकारात आलाच न्हाई, म्हून वाटी तिथंच रुतली. दृष्ट लागू नये म्हून तुमी मशीनलाच आंधळं केलं. मी बी बघितलं न्हाई."

पाय धुऊन परत स्कॅन घेतला. नवी वाटी आठ दिवसांनी मिळंल.

पर जखमेला आत्ता औषध लावायचंय, आन् परी पलंगाखाली शिरून बसलीय. मला बी हात लावू देईना. बायांनो, तिला काय सांगून बाहेर काढू?