भिंतीवरच्याशी जुळणारं घड्याळ

जुना सुटा भाग फेकायचा नाही, हा घड्याळजींचा हट्ट. एका घड्याळाचं चाक दुसऱ्यात बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. तीच सवय कॉम्प्युटरपाशी नडली.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. एका सुट्टीत तिने घरच्या कॉम्प्युटरवर काट्यांच्या घड्याळाचा प्रोग्राम लिहिला. "बघा तरी," म्हणून मागे लागली, तर हे "नंतर बघतो" म्हणत दुकानात पळाले. ती गेली, पाठोपाठ तिचा कॉम्प्युटरही गेला. डिस्क तेवढी वाचली. नव्या कॉम्प्युटरवर मेहुणीने विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं. आता तिच्या हातचं ते घड्याळ एकदा चालताना बघायचं, एवढीच घड्याळजींची आस होती.

चित्रं काढायला प्रोग्रामला एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लागते, हे मेहुणीकडून कळल्यावर त्यांनी जुन्या डिस्कवरची त्या लायब्ररीची फाइल उचलून नव्यात डकवली. आठवडाभर वेगवेगळ्या ठिकाणी डकवून पाहिली. एरर हलेना. शेवटी मेहुणीला फोन केला.

"भावोजी, ती फाइल विंडोजची आहे. इथे कितीही घासलीत तरी बसणार नाही."

"पण ही लायब्ररी सगळीकडे चालते म्हणालीस ना?"

"ताईने लिहिलेलं तसंच चालेल. लायब्ररी मात्र लिनक्सची वेगळी घ्यायची. सोबत लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेजही घाला, नाहीतर प्रोग्राम चालण्याजोगा करणारा कंपायलर पुन्हा रुसेल."

मेहुणीने सांगितलेल्या कमांड त्यांनी एकेक अक्षर जुळवत टाइप केल्या. खिडकी उघडली. पांढरी तबकडी, निळे काटे. सेकंदकाटा चालू लागला.

मग सवयीने त्यांनी मनगटाकडे पाहिलं. पडद्यावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं.

ती असताना भिंतीवरचं घड्याळही असंच दहा मिनिटं पुढे जायचं. यांनी ते कितीदा खोललं, पण दोष सापडला नाही. "दुरुस्ती कोणाची?" म्हणून ती वर टोमणा मारायची. दुकानात मात्र हे वेळेवर पोचायचे. ती गेल्यापासून ते घड्याळ बिनचूक चालत होतं, आणि तरीही यांच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

चूक काढायला त्यांनी प्रोग्राम उघडला. मिनिटांत दहा मिळवलेले होते. शेजारी तिची टीप होती: 'भिंतीवरच्याशी जुळायला हवं. यांना सांगू नये.'

घड्याळजींनी चष्मा पुसला. त्या ओळीला हात न लावता फाइल बंद केली. मग स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि दहा मिनिटं पुढे केलं.