शिवारात एकटी ज्वारी

"खाल्लं ते आपलं, राह्यलं ते दुनियेचं," असं रामराव म्हणायचे आणि ताट पुढे सरकवायचे. म्हणजे अजून वाढा. मेडशीच्या कुठल्याही पंगतीत वाढणारा त्यांच्यापाशी आला की बादली खालीच टेकवायचा. तुळसाबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाई, याच्या भाकरी मोजू नको. तुळसाबाईंनी कधी मोजल्या नाहीत. त्या चुलीपुढे बसून थापत राहायच्या आणि शेतातून आलेला तो उंच, सावळा गडी खात राहायचा. ते पाहतानाच त्यांचं अर्धं पोट भरायचं.

ते खाणं पचायचंही. ज्वारीचे दिवस होते ते. मेडशीच्या शिवारात जिकडे पाहावं तिकडे डोक्यावरून जाणारी ज्वारी. माणूस आत शिरला की दिसायचाच नाही, नुसता त्याचा आवाज यायचा. दाणा दुधात आला की शेताशेतात राखणीचे माळे उभे राहत आणि माळ्यावरच्या माणसाच्या हाका एका शेतातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात. सकाळच्या धुक्यात भाकरीचं गठुडं घेऊन निघालेल्या नव्या नवरीला त्या हाकांमधली आपल्या माणसाची हाक बरोबर ओळखू यायची. रामरावांची गोफण सुटली की कानाजवळ कुणी कापड फाडावं तसा आवाज होई आणि पाखरांचा थवा उठून पल्याडच्या बांधावर जाऊन बसे. दुपारी शेणीच्या आरावर कणसं भाजली जात. रामराव तळहातावर दाणे चोळत, फुंकर मारून कोंडा उडवत आणि हुरड्याचा पहिला घास तिच्या हातावर ठेवत. सासरे समोर नसले म्हणजे.

मग सोयाबीन आलं. चार महिन्यांत मोकळं होणारं पीक, कुणाला नको? एकाने पेरलं, दुसऱ्याने पेरलं, आणि ज्वारी कधी गेली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माळे मोडले, गोफणी खुंटीवर वाळल्या. ट्रॅक्टर आला, मळणीयंत्र आलं. मुलगा हरीओम वाशीमला नोकरीला लागला आणि त्याने बापाला मोटारसायकल घेऊन दिली. रामराव बांधापर्यंत गाडीवर जायचे आणि गाडीवरूनच शेत पाहून परत यायचे. भाकरीच्या जागी पोळी आली, भात आला. ताट मात्र पूर्वीएवढंच राहिलं.

गेल्या पोळ्यानंतर रामरावांना सारखी तहान लागायला लागली. डोळ्यापुढे अंधारी यायची. हरीओमने वाशीमला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मग त्यांना डोळे मिटायला लावले आणि एक बारीक दोरा तळपायाला टेकवून विचारलं, कळतं का? रामराव डोळे मिटून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "लावा ना बाई. कवा लावता?"

दोरा चार ठिकाणी लावून झाला होता. तुळसाबाई समोरच उभ्या होत्या, त्यांनी ते पाहिलं.

साखर फार वाढली होती. वेळीच आवरली नाही तर पाय जाईल, असं बाईंनी स्पष्टच सांगितलं. या घराला ते नवं नव्हतं. रामरावांचे थोरले भाऊ पुंजाजी बाभळीचा काटा तळपायात घेऊन हिंडले होते आणि त्यांना तो कळलाच नव्हता. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. नंतर ओसरीवर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, शेत कसं दिसते रे? तसंच विचारत एक दिवस गेले.

परतीच्या एसटीत रामराव खिडकीबाहेर पाहत होते. मेडशीचा फाटा जवळ आला तेव्हा म्हणाले, "पुंजाभाऊसारखं ओसरीवर नाई बसायचं मले."

त्या दिवसापासून संध्याकाळी त्यांचे पाय धुवून, दिव्याजवळ घेऊन, बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत पाहण्याचं काम तुळसाबाईंनी सुरू केलं. रामराव लाजायचे. म्हणायचे, बैलाचे खूर पाह्यल्यासारखे काय पाहतं वं. पण पाय पुढे करायचे.

गोड सुटलं, भात सुटला. खरी अडचण दोन गोष्टींची झाली. एक, चालणं. डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलं होतं. रामराव सकाळी मालेगावच्या रस्त्याला लागले तर जो भेटेल तो विचारी, कुठं निघाले? हातात विळा नाही, खांद्यावर दोर नाही, पुढे बैल नाही. शेतकरी माणूस रिकामा चालतो म्हणजे काय? रामरावांना उत्तर सापडेना. पुलापासूनच परतले आणि पुन्हा गेले नाहीत.

दुसरी अडचण ज्वारीची. भाकरी खा म्हणून सांगितलेलं, तर हरीओमने वाशीमच्या किराणा दुकानातून ज्वारी पाठवली. रामरावांनी एक घास घेतला आणि ताट बाजूला सारलं. कुठल्या देशातली, कोणत्या सालातली, म्हणाले. जन्मभर पिकवली आणि आता पिशवीतून खाऊ?

सोयाबीन निघालं तसे ते शिरपूरकडच्या साडूकडे गेले आणि गावरान बी घेऊन आले. विहिरीजवळच्या तुकड्यात पेरलं. हरीओमने फोनवर समजावलं, बाबा, आजूबाजूला कुणाचीच ज्वारी नाही, एकट्याची टिकणार नाही. रामरावांनी ऐकलं नाही.

पोराचं खरं निघालं. पूर्वी साऱ्या शिवारात ज्वारी असायची, तेव्हा पाखरं सगळ्यांकडे वाटून जायची. आता सगळ्यांचा वाटा एकाच तुकड्यावर आला. दाणा दुधात भरला आणि चिमण्या, राघू, साळुंक्या अशा काही उतरल्या की जणू इतकी वर्षं त्याच दिवसाची वाट पाहत होत्या. तुळसाबाईंनी ट्रंक उघडून जुनी लुगडी काढली आणि तुकड्याभोवती बांधली. हरीओमच्या बारशाचं हिरवं, सासूने दिलेलं जांभळं, शिरपूरच्या जत्रेत घेतलेलं पिवळं. वारा आला की सारं आयुष्य बांधावर फडफडे. दोन दिवस पाखरं बिचकली, तिसऱ्या दिवशी लुगड्यांवरच येऊन बसली.

मग रामराव उजाडायच्या आधी शेतात जायला लागले. पायाचा भरवसा नाही म्हणून तुळसाबाईंनी माळा बांधू दिला नाही. गोफण खुंटीवरून काढली, पण खांदा पहिल्यासारखा फिरेना. राहिला एकच उपाय. डबा वाजवत तुकड्याभोवती फिरायचं. या कोपऱ्यातून पाखरं उठवली की त्या कोपऱ्यात बसत. तिकडे गेलं की पुन्हा इकडे. ऊन चढेपर्यंत फेऱ्या, आणि तिसऱ्या प्रहरानंतर दिवस मावळेपर्यंत फेऱ्या.

शेजारचा भाऊसिंग, त्यांचा लहानपणचा सोबती, बांधावर तंबाखू मळत बसायचा. एक दिवस म्हणाला, "रामराव, तू जवारी राखून राह्यला का पाखरं तुले चारून राह्यले?"

"तुह्या सोयाबीनवर तं कधी एक चिमणी आली नाई," रामराव म्हणाले. "कोनी पाव्हनं न येनाऱ्या घरच्यानं बोलू नाई."

भाऊसिंग इतका हसला की तंबाखू सांडली. दुसऱ्या दिवसापासून तोही एक बाजू धरून हाकारायला लागला. भाकरी घेऊन येणाऱ्या तुळसाबाईंना दुरूनच हाका ऐकू यायच्या. आवाज बसका झाला होता, शेवटी फाटायचा. पण शेताकडे जाणाऱ्या पांदीच्या वळणावर तुळसाबाईंची पावलं आपोआप जलद होत.

अर्ध्याला थोडी कमी ज्वारी पाखरांनी खाल्ली. उरली ती दोघांना वर्षभर पुरेल एवढी. तिची पहिली भाकरी तव्यावर फुगली तेव्हा घरभर वास सुटला. रामरावांनी भाकरीवर अंबाडीची भाजी घेतली, सावकाश खाल्लं आणि आपणहून हात धुतला.

वाशीमला डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त पाहिलं. साखर बरीच खाली आली होती. तळपायाला गेलेली जाणीव परत येईल असं नाही, म्हणाल्या, पण असंच चालत राहिले तर पाय राहील. रामरावांनी मान हलवली. तुळसाबाईंना मात्र घोर लागला. ज्वारी कापून झाली होती. कणसं मोडली, कडबा रचला, लुगडी घड्या घालून ट्रंकेत गेली. आता हा माणूस चालणार कशासाठी? रिकामं चालणं त्याच्या रक्तातच नाही. ओसरीची बाज दाराजवळच उभी होती. त्या येताजाता तिच्याकडे पाहायच्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या अंगणात सडा टाकत होत्या. रामराव डोक्याला मफलर गुंडाळत बाहेर आले आणि फाटकाची कडी काढली.

"कुठं चालले?" तुळसाबाईंनी विचारलं. "वावरात काय हाये आता राखाले?"

रामराव थांबले.

"पाखरं येतीन ना," ते म्हणाले. "जवारी कापली हे त्याइले कोन सांगनार?"

आणि निघाले. तुळसाबाई बादली तशीच धरून फाटकात येऊन उभ्या राहिल्या. पांदीवर धुकं होतं. समोरून कुणीतरी येत होतं, त्याने थांबून काही विचारलं. रामरावांनी हात वर करून शेताकडे दाखवलं आणि थांबले नाहीत. वळणापर्यंत मफलर दिसला, मग तोही धुक्यात गेला. तुळसाबाई कितीतरी वेळ तिथेच कान देऊन उभ्या होत्या.